अकरा नंबरची लाइन

सोमवार, ६ जानेवारी
नोकरी लागली! कोथरूडला सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खिडकीत ऊन, चहा फुकट. थर्ड इयरला एचओडीशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा सगळे म्हणाले होते, आता बस बोंबलत. बसलोय, पण खुर्चीवर. पुष्करसरांनी काम समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता भासाचा कॉम्प्युटर चालतो. त्याला गेस्ट म्हणायचं. तो मध्येच अडकतो. डिबगर नावाच्या प्रोग्रॅममध्ये त्याला थांबवून एकेक सूचना पुढे सरकवायची, चूक पकडायची. ऋतुजाला कळवलं. तिला स्थळ आलंय, शनिवारी घरी उत्तर द्यायचंय, त्याआधी आमचं काय ते ठरवायचंय. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करीन म्हणाली, उचलत जा.

मंगळवार, ७
दिवस वाया. एक दहाला ऋतुजाचा फोन आला, बोललो, तेवढंच बरं. स्टेपचं बटण दाबलं की गेस्ट पुढच्या सूचनेवर जायचं सोडून भलतीकडेच उडी मारतो. मी कीबोर्ड आपटला. सर म्हणाले, त्याच्यावर कशाला राग, तो तुमच्या कॉलेजात नव्हता. मग सांगितलं: गेस्टला आपण थांबवतो, पण बाहेरचं घड्याळ त्याचं दार वाजवतच राहतं. ही टकटक म्हणजे इंटरप्ट. पाऊल टाकायला सोडलं की तो आधी दार उघडायला धावतो. म्हणून स्टेप करताना इंटरप्ट झाकायचे, नंतर आठवणीने उघडायचे. प्रत्येक टकटकीची आपली नंबरची लाइन असते; झाकलेले असताना एका लाइनवर शंभरदा वाजलं तरी स्क्रीनवर खूण एकच राहते.

बुधवार, ८
झाकले. गेस्ट शहाण्यासारखा चालला. फक्त एक वाजून दहा मिनिटांनी अकरा नंबरच्या लाइनवर खूण उमटली. त्या लाइनला काहीच जोडलेलं नाही. मी खूण पुसली. ऋतुजाचा फोन आला नाही. मीही केला नाही, त्या स्थळाचा मला राग आहे. निघताना इंटरप्ट उघडले नाहीत. चाललेलं कशाला मोडा.

गुरुवार, ९
मेसच्या सुशीलाबाई रोज टोमणा मारतात. आज माझ्याकडे बघून ओठ हलले, आवाज नाही. शेजारच्याला म्हणाल्या ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. पौड रोडला बस घासून गेली, हॉर्न कळलाच नाही. जे माझ्यासाठी असतं तेच फक्त पोचत नाही.
एक दहा. अकरा नंबर. पुसली. परत उमटली. दुपारभर पुसत होतो. फोन गप्प.

शुक्रवार, १०
तिच्या ऑफिसखाली गेलो. जिन्याशी उभी होती, फोन कानाला. मागून स्क्रीन दिसली. माझंच नाव. माझ्या हातातला फोन मुका.
हाक मारली. वळली. काहीतरी विचारलं. ओठ हलले — परत — परत तेच. ऐकू येत नाही म्हणालो. तिला वाटलं, सोंग करतोय. रडत होती. तिच्या मैत्रिणीचं, शेफालीचं बोलणं तेवढं ऐकू आलं.
"चल ऋतुजा. त्याला उत्तर द्यायचंच नाहीये."
ऑफिसला पळालो. कुलूप. म्हणजे त्या सगळ्या खुणा — मी पुसल्या. मी.

शनिवार, ११
दार उघडलं तसा घुसलो. अकरा नंबरवर एक खूण. एवढीच उरली. किती फोन असतील तिचे —
इंटरप्ट उघडले.
फोन वाजतोय. ऋतुजा.
उजवा हात फोनकडे जरासा सरकला. थांबला. परत जरासा. थांबला. डाव्याने टाइप करतोय. हात माझ्या मनाने हलत नाही — बाहेरून कोणीतरी एकेक —
चार बोटं अंतर.
तीन.
स्टेप दाब ना रे. जो कोणी आहेस. अजून दोनदाच —
रिंग अजून चालू आहे. अजून चा