खाणीकाठची तहान

३ डिसेंबर १९९८
पोहोचलो एकदाचा! निलंग्यापर्यंत एसटी, पुढं खाणीचा ट्रक. लातुरात कोचिंग क्लासला रसायनशास्त्र शिकवून घसा बसला होता. इथं फक्त पाणी तपासायचं. परवान्याची अटच आहे, गावच्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहिलं तरच खाण चालेल. जानेवारीत सुनावणी आहे, तिथं माझा शब्द चालणार. निघताना शहजादीला म्हटलं, तुझा नवरा साहेब झाला. ती म्हणाली, साहेब डबा विसरलेत.

५ डिसेंबर
गावची विहीर माझ्या खोलीच्या दारातच. वर खाणीत खनिज धुतलेलं लाल पाणी तळ्यात साचतं, तिथंच मुरतं. मॅनेजर सिद्रामप्पा म्हणतात, विहिरीची चव भूकंपानं बदलली, खाणीनं नव्हे. गाव मात्र इकडं फिरकत नाही. विठाबाई नावाची म्हातारी लांबून घागर आणते. जाता जाता बजावून गेली, "तपासा लेकरा, पण तोंडाला लावू नगा." मी हसलो. तपासलं, स्वच्छ निघालं. पेलाभर प्यायलो. इतकं गोड पाणी लातुरात कुठलं!

११ डिसेंबर
माझ्याआधीचा निरीक्षक वीरण्णा अजून इथंच आहे. नोकरी सुटली, विहीर सुटली नाही. दिवसभर कठड्यावर बसून पोहऱ्यानं पीत असतो. पोट तटतटलेलं, हातपाय काड्या. घरी जा म्हटलं, तर म्हणाला, बाहेरच्या पाण्यानं घसा जळतो. बिचाऱ्याची दया आली.

१८ डिसेंबर
हिवाळा असून मीही फार पितोय. निलंग्याच्या हॉटेलात घोट घेतला आणि थुंकलो. राखेसारखा लागला.

२२ डिसेंबर
रमजान सुरू झाला. लहानपणापासून माझा एक रोजा चुकलेला नाही. आज दुपारी भानावर आलो, तेव्हा पोहरा तोंडाला होता. रडलो. रडता रडता आणखी प्यायलो.

३० डिसेंबर
पुन्हा तपासलं. काही सापडत नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! पण ठरवलंय, सुनावणीत सांगणार की हे पाणी माणसाला धरून ठेवतं, परवाना रद्द करा. विठाबाईला तसा शब्द दिलाय. ती म्हणाली, खालच्या विहिरीबी आता गोड लागायल्यात.

८ जानेवारी १९९९
वीरण्णा विहिरीत सापडला. लोक म्हणतात, पाय घसरला. नाही — तो उतरला. त्याला बाहेर काढेपर्यंत मी कसाबसा थांबलो. मग —

१३ जानेवारी
सुनावणी. सगळं गाव मांडवात. मी उभा राहिलो. "हे पाणी —" एवढंच म्हणालो आणि तहान उसळली. सिद्रामप्पांनी पेला पुढं केला. प्यायलो. आणखी मागितलं. पुन्हा मागितलं. सुनावणी घेणारे मोठे साहेब म्हणाले, निरीक्षकच एवढा आवडीनं पितो, आणखी पुरावा कशाला. परवाना कायम राहिला. विठाबाई उठून मांडवाबाहेर गेली. मेलो असतो तर बरं.

१७ जानेवारी
येऊ नका म्हणून कळवलं होतं — शहजादी आलीच, ईदसाठी, लेक आलियाला घेऊन. रोजा असल्यानं तिनं पाणी घेतलं नाही. पण पोरगी प्रवासानं तहानलेली. मी जागा होईपर्यंत विहिरीच्या पाण्याचा माठ अर्धा —

१९ जानेवारी
आलिया कठड्यावर बसलीय. शहजादी हाका मारतेय, ती वळत नाही. पोहरा भरून वर आणलाय तिनं. दोन्ही हातांनी तोंडाकडं — उठलो, हिसकावून ओतून टाकायला — नाही, ओतायला नाही — आलिया, आधी मला —