डाव्या बाजूचा आरसा

९ नोव्हेंबर, शनिवार
गाडीचा डावा आरसा गेला. बिल्डिंगच्या गेटच्या खांबाला लागला. गाडी बायको चालवत होती, हे प्रथम नोंदवतो. मी शेजारी बसून सूचना देत होतो. सूचना स्पष्ट होत्या. ऐन वेळी स्टिअरिंगला हात लावला, पण हलकेच. ती उतरली, वायरला लोंबकळणारा आरसा पाहिला, किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा. मी वाद घातला नाही. मोठेपणा कोणीतरी घ्यावा लागतो.

तिच्या विमा कंपनीने तिला हायवेपलीकडच्या नव्या शाखेची प्रमुख केलं आहे. दोन डिसेंबरला रुजू व्हायचं. तिकडे बस जात नाही. गाडी नेता आली तर ठीक, नाहीतर ती जागा तिच्या हाताखालच्या माणसाला. मी म्हटलं होतं, नको म्हणून सांग. तिने सही करून टाकली. मी ऑफिसला कशाने जायचं, हा प्रश्न या घरात कोणालाच पडलेला नाही.

आरसा घरीच बसवणार. गॅरेजवाले लुटारू असतात. उद्या संध्याकाळपर्यंत काम खलास.

१० नोव्हेंबर, रविवार
व्हिडिओ पाहिला. एक माणूस नऊ मिनिटांत आरसा बदलतो. त्याची बायको कॅमेरा धरून गप्प उभी राहते. आमच्याकडे असं सहकार्य नाही.
जुना आरसा तूर्त चिकटपट्टीने बांधला. काच तडकली आहे, पण मला दिसतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा म्हणाला, कुठली बाजू? सकाळी मुद्दाम गाडीसमोर उभं राहून नीट पाहून ठेवलं होतं. म्हटलं, उजवी. त्याने पुन्हा विचारलं, नक्की ना? म्हटलं, गाडी माझी आहे. वरमला. अशा लोकांशी असंच बोलावं लागतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
दुकानदाराने चुकीच्या बाजूचा आरसा दिला. शंका होती, तर तिसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?
मुलगी हसत सुटली. म्हणाली, बाबा, गाडीत बसून डावं-उजवं ठरवतात. समोर उभे काय राहता, लग्नाला मुलगी बघायला गेलात का? कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.
बायकोने विचारलं, तोवर मी आहे त्या आरशावर प्रॅक्टिस करू का? स्पष्ट नकार. धोकादायक आहे. म्हणाली, तुम्ही रोज जाता ते? माझी गोष्ट वेगळी. डावीकडे काय आहे ते मला न बघता कळतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार
डावीकडे कचऱ्याची पेटी होती. पूर्वी नव्हती. सोसायटीला खरमरीत पत्र लिहिणार.

२० नोव्हेंबर, बुधवार
आरसा बदलून आणला. काउंटरवरच्याने मला बाहेर नेलं, गाडीत बसवलं आणि म्हणाला, साहेब, आता बोट दाखवा. लोक बघत होते. बोट दाखवलं. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.
बायको हल्ली उशिरा येते. विचारलं तर म्हणते, काम असतं. चपला सोडून बूट घालून जाते. चालायला सुरुवात केली असावी. चांगलं लक्षण आहे. गाडीचं खूळ डोक्यातून उतरतंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार
कामाला हात घातला.
दाराचं आतलं कव्हर क्लिपांवर बसलेलं असतं. निम्म्या क्लिपा निघाल्या, उरलेल्या कव्हरचा तुकडा घेऊन निघाल्या. हलका माल. आरसा तीन नटांवर असतो. पहिला नट सैल करताच दाराच्या पोटात पडला. दुसरा, पहिला कुठे गेला ते बघायला गेला. तिसऱ्याला मी हातच लावला नाही.
बायको चहा घेऊन खाली आली आणि उभी राहिली. म्हणाली, किती वेळ लागेल? म्हटलं, बघणारं माणूस उभं असलं की काम बिघडतं. चहा बॉनेटवर ठेवून गेली. त्यात साखर नव्हती. मुद्दाम.

२४ नोव्हेंबर, रविवार
मेहुण्याचा फोन. बहिणीने कान भरलेले दिसतात. म्हणाला, भाऊजी, अर्ध्या तासाचं काम आहे, येऊन जाऊ का? याला घरचा नळ दुरुस्त केल्यापासून शिंगं फुटली आहेत. म्हटलं, ये की, पाच तारखेनंतर ये.
मुलीने ऐकलं. म्हणाली, पाचच का? दोनला तर आईला जायचंय. म्हटलं, मोठ्या माणसांच्या बोलण्यात नाक खुपसू नये. ती म्हणाली, बाबा, आईने जावं असं तुम्हाला वाटतच नाही.
आरोप निराधार आहे. मी फक्त घाई करत नाही. घाईत केलेलं काम दोनदा करावं लागतं.
तिसरा नट काढला. हातात राहिला. अनुभव म्हणतात तो हा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
आरसा निघाला, पण त्याच्या मागे वायर आहे, आणि वायरचा जोड निघत नाही. ज्याने तो बनवला, त्याला लोकांनी गाडी दुरुस्त करू नये असंच वाटत असणार. शेवटी वायर कापली. त्या धक्क्याने खिडकीची काच खाली सरकून दारात गेली. वर येत नाही. भोकावर प्लास्टिक लावलं. ऑफिसला बसने गेलो. बसमध्ये आता पूर्वीसारखे लोक राहिलेले नाहीत.
बायकोने गाडी पाहिली. काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाही एक सूर असतो, आणि तो मला पसंत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार
बसला!
नटांची भानगडच ठेवली नाही. चिकटवायचा पदार्थ मिळतो, त्याने काहीही काहीलाही चिकटतं. माझी बोटंही काही काळ चिकटली होती. आरशात आकाश स्वच्छ दिसतं. कोन नंतर बघता येईल.
गाडी गेटपर्यंत नेली. स्पीडब्रेकरवर आरसा पडला. फुटला नाही, म्हणजे माल चांगला आहे.
संध्याकाळी बायकोला शांतपणे समजावलं. सोमवारी गाडी तयार होणं शक्य नाही. दोन-तीन आठवडे मुदत माग. नाही दिली तर आपलं नशीब. घर, मुलगी, माझं ऑफिस, हेही आहेच. शेवटी प्रमुखपद म्हणजे काय, चार जास्त सह्या. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, झालं बोलून? म्हटलं, झालं. म्हणाली, बरं.
'बरं' म्हणजे होकार. एवढ्या वर्षांनी एवढं तर कळतं. मलाच थोडं वाईट वाटलं. पण घरात एकाने तरी व्यवहार बघायला हवा.

१ डिसेंबर, रविवार
दुपारी झोपलो होतो. उठलो तर घरात कोणी नाही. बाल्कनीतून पाहिलं. दोघी खाली गाडीपाशी. मुलगी फोन धरून उभी, बायको दारात खांद्यापर्यंत हात घालून बसलेली.
धावत गेलो. ओरडलो, हात लावू नका, मी सगळं एका क्रमाने ठेवलंय! बायको मान न वळवता म्हणाली, क्रम सीटखाली सापडला.
फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून तिने दोन्ही नट बाहेर काढले. हे कोणालाही सुचलं असतं. मला फ्रिजकडे जायला सवड नव्हती. वायर जोडून वर पट्टी गुंडाळली होती. काच वर आली. आरसा बसला. कव्हरला फुटलेल्या कोपऱ्यात फट राहिली, ती मी लगेच दाखवून दिली.
म्हटलं, अवघड भाग माझा झालाच होता, शेवटचा हात तेवढा राहिला होता. मुलगी म्हणाली, हो ना, सगळे नट एका ठिकाणी जमवून ठेवले होतेत.
मी आरशात वाकून पाहिलं. म्हटलं, चुकीचा लावलाय, यात मागचं काहीच दिसत नाही. बायको म्हणाली, तुम्ही बाहेर उभे आहात. मला माझ्या सीटवरून दिसतं.
मग विचारलं, आणि चालवणार कोण? प्रॅक्टिस कुठे आहे? तेव्हा कळलं. ती चालायला जात नव्हती. ऑफिस सुटल्यावर तिच्या मैत्रिणीच्या गाडीवर हायवेवर चालवायचा हात साफ करत होती. बूट पेडलसाठी.
नवऱ्याला फसवणारी बाई शाखा काय चालवणार. हे मी मनात म्हटलं. रात्री जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही. नंतर थोडं जेवलो.

२ डिसेंबर, सोमवार
तिचा पहिला दिवस. लवकर तयार झाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. किल्ली माझ्या खिशात होती. तिने हात पुढे केला. मी काही वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग दिली.
म्हणाली, वाटेत तुम्हाला ऑफिसला सोडते, चला. नाही म्हणणार होतो. पण गेटपर्यंत तरी जबाबदार माणूस गाडीत असावा, म्हणून बसलो. डाव्या सीटवर.
खांब जवळ आला. मी पुढे वाकून काचेला नाक लावलं. सूचना तोंडात तयार होती.
ती म्हणाली, अहो, डोकं मागे घ्या, आरसा दिसत नाही.
घेतलं.