उघडे देठ

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न.

रागावली असशील. नवीन काम लागलंय, एका संशोधन केंद्राच्या काचघरात, कुंड्यांना पाणी घालायचं. बेकरीचं का सुटलं ती मोठी भानगड आहे, आणि त्यात माझी चूक निम्मीच. खोली गच्चीवर, पत्र्याची. मालकीणबाई बोलत नाहीत, त्यांचा रेडिओ बोलतो.

हां, तर काचघर. तिथल्या मॅडम सांगतात, पानात एक संप्रेरक तयार होतं आणि देठातून सतत खाली झिरपत राहतं. देठ फांदीला चिकटतो तिथे नाजूक पेशींची पट्टी असते. झिरपणं चालू आहे तोवर ती गप्प. थांबलं की पेशी एकमेकींना सोडतात आणि पान बरोब्बर तिथूनच गळतं. पिकल्या फळातून सुटणारा वायू या गळण्याला घाई करतो, म्हणून मला डब्यात केळं आणायला बंदी!

मॅडमनी पाती कापून नुसते देठ ठेवले. निम्म्यांच्या टोकाला मी संप्रेरकाचं मलम लावायचं, म्हणजे झाडाला वाटतं पान आहेच. बाकीचे उघडे ठेवायचे. पण ते इतके केविलवाणे दिसत होते की मी सगळ्यांनाच मलम फासलं. एकही गळला नाही. मी खूश, आणि मॅडम म्हणाल्या, अगं बये, उघडे गळताना दिसले नाहीत तर मलमाने काय केलं ते कळणार कसं? आता पुन्हा पहिल्यापासून.

आई माझं विचारते ना गं?

ओरड, पण लोभ असू दे.
तुझी भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बेकरीची भानगड सांगू नकोस, अशा सगळ्या मला पाठ आहेत. आई बरी आहे, गुडघे सोडून.

विचारलंस म्हणून सांगते. वर्षभर दर रविवारी मी तिला सांगत आले, तू झोपली होतीस तेव्हा धाकटीचा फोन येऊन गेला, मजेत आहे, तुझे गुडघे विचारत होती. तुझ्या वाटच्या थापा मी मारायच्या, वर तुझ्यासारखं हसूनही दाखवायचं. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, मीही मलमच फासत बसले होते.

गेल्या रविवारी काही बोलले नाही. तिने दोनदा विचारलं, फोन आला का. मी नाही म्हटलं. या रविवारी तिने विचारलंच नाही. तुझ्या खाटेवर धुतलेल्या चादरी रचल्या आणि म्हणाली, जागा रिकामीच आहे. रडली असती तर बरं वाटलं असतं. घरात आम्ही दोघी, आणि बोलायला कुणी नाही.

जिथे असशील तिथे जेवत जा.
तुझी ताई

२३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

हे पत्र ताईला नाही, तुला. मी फोन केला नव्हता, एकदाही नाही. म्हणायचे, नीट बस्तान बसलं की करू, आणि तेवढ्यात जागाच बदलायची.

काल उघडे देठ गळायला लागले. वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता. आवाजसुद्धा झाला नाही. मी ते झाडून भरले आणि मॅडमकडे सुट्टी मागितली.

शनिवारी पोचते. दार ताईला उघडू देऊ नकोस, तू उघड. उठायला वेळ लागला तरी मी थांबेन.

उरला असेल तेवढा लोभ पुरेल.
तुझी धाकटी