मीनाक्षीचं तेजाब आणि सांगलीची मंडळी

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी १९७४

चि. बंडूस अक्काचे अनेक आशीर्वाद. कागलची हवा तुला मानवली असेल, आणि शालूचा खोकला थांबला असेल. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तुझी भाची मीनाक्षी सुट्टीवर आली असताना जेवढं असू शकतं तेवढं.

मिरजेला ती डॉक्टरकीचं पुढचं शिकतेय. संशोधनाचा विषय असा, की तेजाबात काम करणाऱ्यांना सार्कोमा जास्त होतो का. (सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी असल्या शरीर जोडून धरणाऱ्या भागांचा कॅन्सर. मला आधी ते एखाद्या टॉनिकचं नाव वाटलं होतं.) त्यामुळे हल्ली ती दिसेल त्याला गाठीबद्दल विचारते. तीन रविवारांपूर्वी तिला बघायला सांगलीची मंडळी आली. मुलाच्या वडिलांनी सहज खांदा चोळला, तर हिनं पोह्यांची बशी त्यांच्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "गाठ लागते का हाताला? तेजाबाशी कधी संबंध?" मंडळी पोहे न खाताच गेली. (पोहे आम्ही दोन दिवस खाल्ले.)

कोपऱ्यावर बॅटऱ्यांत तेजाब भरणाऱ्या दिलदारच्या दंडावर मात्र खरीच गाठ निघाली, लिंबाएवढी. तो म्हणाला, "गाठ हाय खरी ताई, पर ती काय बोलत न्हाय, मग मी कशाला बोलू?" हिनं त्याला ओढून मिरजेला नेलं. निकाल येईपर्यंत त्याची बायको सुगरा रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन तांदूळ निवडायची. शेवटी निघाली साधी चरबीची गाठ. सुगरानं गल्लीत साखर वाटली. मीनाक्षी मात्र घरी येऊन रडली. म्हणाली, "आई, निकाल उघडताना क्षणभर मला ती सार्कोमा निघावी असं वाटलं. अभ्यासाला एक तरी हवा होता." बंडू, मी तिच्या डोक्याला तेल लावत बसले.

तुझी,
अक्का

ता. क. माझ्या मांडीला वर्षभर एक गाठ आहे. तेजाबाशी माझा संबंध नाही, म्हणून ती मीनाक्षीच्या कामाची नाही. काहीतरी निमित्त काढून ये आणि मला बेळगावला दाखव. (मिरजेला नको, तिथं तिला सगळे ओळखतात.) तिला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधीच तिला कळलं. मी बसताना एका अंगावर कलते, हे तिनं हेरलं होतं. उद्या मिरजेलाच जातोय. तिनं चहा केला. त्यात साखरेऐवजी मीठ होतं. मी प्यायले. तू ये मात्र. माझ्यासाठी नव्हे. साऱ्या गावाच्या गाठी चाचपणारी पोर माझ्या गाठीला अजून हात लावत नाही. तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं.