मोगऱ्याचा ताण

आये, यंदाही तुझ्या मोगऱ्याला कळी नाही. चैत्र लागला, समोरच्यांच्या कुंडीतला मोगरा पांढराशुभ्र झालाय, गल्लीत शिरलं की वास येतो, आणि आपला बघावा तर नुसता हिरवागार, पानांनी गच्च, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा खाऊन-पिऊन बसलाय. माझी बाग म्हणजे फाटक आणि पायरी यांच्यामधली जागा, दोन खाटा जेमतेम मावतील एवढी. एका कडेला कढीपत्ता, एका कडेला तुळस, मधोमध हा. कमरेच्या वर जात नाही, तुझाही जायचा नाही, बटमोगराच तो. शेजारच्या ताई सांगलीकडच्या आहेत, माहेरी मळा होता त्यांच्या. त्या रोज फाटकावरून डोकावतात आणि रोज तेच म्हणतात, "अवो, माजलाय तो! पाणी तोडा की त्याचं. ताण दिल्याबिगर कुठला बहर येतोय?" मी म्हणते, हो ना, तोडते. त्या आत गेल्या की पाइप लावते. त्यांना वाटतं, मला यातलं काही कळत नाही. अगं, नवव्या वर्षी पाठीत धपाटा खाऊन शिकलेय मी ते.

दिवाळे गावातलं आपलं घर मला अजून मागच्या दारानेच आठवतं. मोरी, मोरीच्या पुढे बोंबील वाळत घालायची दोरी, आणि मोरीचं पाणी जिथे जिरायचं तिथे तुझा मोगरा. संक्रांत होऊन गेलीय. तू बाजारातून आलीस, मासळीची पाटी उतरवलीस, चहासुद्धा न घेता मोगऱ्यापाशी उकिडवी बसलीस आणि एकेक पान ओरबाडायला लागलीस. मग कात्रीने शेंडे छाटलेस. सोललेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला तो. "आथा याला शिमग्यापरत पानी नाय," तू म्हणालीस, "कोनी हात लावाचा नाय." मोरीचं पाणी त्याच्याकडे जाऊ नये म्हणून मातीचा बांधही घातलास. मला ते बघवेना. चार दिवस मी शाळेतून आले की प्यायच्या मडक्यातलं पेलाभर पाणी नेऊन गुपचूप त्याच्या बुंध्याशी ओतायचे. पाचव्या दिवशी काड्यांवर हिरवे ठिपके फुटले आणि तुझ्या नजरेला ते पडलेच. असा धपाटा घातलास की वहीची पिशवी गळून पडली. "माया दावतंस? तुजे मायेनं पानंच येतील. फुलं पायजेत ना, मंग त्याला कळूं दे पानी नाय म्हंजे काय!" त्या साली अर्धासुद्धा फुलला नाही. जी काय थोडी फुलं आली ती तू तुझ्या अंबाड्यात माळलीस आणि मला अख्खा उन्हाळा बिनगजऱ्याची ठेवलीस. एरवी शिमगा झाला की तू पहिली बादली घालायचीस ती मासळी धुतलेल्या पाण्याची, आणि पंधरा-वीस दिवसांत कळ्यांनी तो असा भरायचा की सकाळी मोरीवर दात घासताना आपण चूळ भरायचीच विसरायचो.

तू मला कधी गोंजारलं नाहीस, आये. म्हणजे तक्रार नाही, आपल्यात ती पद्धतच नव्हती. पण बेलापूरच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता तेव्हा पहाटे बाजाराला निघायच्या आधी तू ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा माझ्या उशाशी ठेवून गेलीस. "मासलीचा वास येनार नाय कोनाला," एवढंच म्हणालीस. मला इतका राग आला होता! वासाचं तू बोललीस म्हणून नाही, तर मी तेच मनात म्हणत होते आणि ते तुला कळलं म्हणून. गजरा माळला मात्र. पहिला दिवस म्हणून दुपारीच सोडलं, तर येताना मुद्दाम बाजारातून आले. तू पाटीवर बसलेली, पापलेटांवर सारखं पाणी शिंपडतेयस, उन्हाने चेहरा लाल झालाय, ओठ फुटलेत. मी म्हटलं, स्वतः पण पी की घोटभर. तू माझ्याकडे बघून हसलीस. "पिऊन जाऊ कुठं?" म्हणालीस. बाजारात बायकांना जायला जागा नव्हती. सकाळी पाचपासून दुपारी तीनपर्यंत तुम्ही साऱ्याजणी तशाच बसून राहायच्यात. तीस वर्षं! मला तेव्हा ते ऐकून हसू आलं होतं, हे मला आज सांगताना लाज वाटते.

मग ते सगळं मूत्रपिंडांवर आलं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला तीन पेले पाणी, चौथा नाही, चहा-आमटी त्यातच धरायची. दादाला आणि वहिनीला ते जमणारं नव्हतं. तू डोळ्यांत पाणी आणून मागितलंस की वहिनी विरघळायची. म्हणून मी ऑफिसातून रजा काढून आले आणि पाणी ताब्यात घेतलं. बाटलीवर नेलपॉलिशने तीन रेघा मारल्या. दादाने एकदा चोरून अर्धा पेला दिला तर मी त्याला घरभर ऐकवलं, तुला मारायचंय का आईला, म्हणून. मी बरोबरच होते ना? सगळे म्हणायचे, पोरगी आहे म्हणून आई टिकली. तू मात्र ओलं फडकं चोखत पडून राहायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. एकदा म्हणालीस, "कवरा ताण देशील गो? मना काय कळ्या येनार हायेत?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. नंतर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले, किती वेळ ते आठवत नाही.

तू गेलीस त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तुझ्यामागे दोन वर्षांत दादाने घर पाडून चार मजली बिल्डिंग उभी केली. मागचं दार, मोरी, सगळं गेलं. पाडायच्या आदल्या दिवशी मी मोगऱ्याच्या दोन फांद्या मुळांसकट काढून आणल्या. त्यातली एक मीच मारली. तू मासळीचं पाणी घालायचीस एवढंच डोक्यात होतं, म्हणून खाऱ्या बांगड्याचं पाणी मायेने ओतलं तिला! आठ दिवसांत करपून गेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, कोळ्याची पोर आनि मीठ कळत नाय. खरंच नाही कळलं. उरली ती ही एक. तुझं म्हणून माझ्यापाशी आता दुसरं काही नाही. पाटीसुद्धा कोणीतरी नेली.

आणि हिचं पाणी मला तोडता येत नाही. दुपारचे तीन वाजले, ऊन फाटकावर आलं, पानं जरा मान टाकायला लागली, की मला तुझा आवाज येतो. आठवतो असं नाही म्हणत मी, येतो. "पानी दे गो." मागच्या खोलीत असले तरी येतो, टीव्ही चालू असला तरी येतो. मग मी धावत जाऊन पाइप लावते. दिवसातून चारदा लावते. हे म्हणतात, "अगं, झाड आहे की बदक?" घरातल्या प्रत्येक खोलीत भरलेली बाटली ठेवलेली असते माझी. पाहुण्याचा पेला रिकामा दिसला की मी बोलणं तोडून उठते. लोकांना वाटतं, काय अगत्य आहे बाईचं! ह्यांना ठाऊक आहे, अगत्य नाही ते. पण ते विचारत नाहीत, आणि मीही बोलत नाही.

यंदा मी ठरवलं होतं. संक्रांतीनंतर तुझ्यासारखीच उकिडवी बसले, गुडघे बोंबलले, पण सगळी पानं काढली, शेंडे छाटले. पाणी बंद. पहिले चार दिवस ठीक गेले. सहाव्या दिवशी दुपारी मी कानात कापूस घातला, काय सांगू तुला, पन्नाशी उलटलेली बाई! नवव्या दिवशी मुद्दाम दुपारभर मैत्रिणीकडे सीवूड्सला जाऊन बसले. अकराव्या दिवशी घरीच होते. त्या नुसत्या काड्या, भेगाळलेली माती, आणि तीन वाजले. मी बादली भरली आणि ओतली. मग दुसरी ओतली. ओतताना मी मोठमोठ्याने "घे, घे" म्हणत होते. शेजारच्या ताई फाटकाशी उभ्या होत्या, त्या आपल्या घरात निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात पानं फुटली आणि तो पुन्हा माजला.

पण गेल्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. ताईंनी हाताने माती उकरली, तर मुळं काळी, बुळबुळीत, वास मारणारी. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "बुडवून मारताय तुम्ही त्याला! आता पंधरा दिवस थेंब नाही, नाहीतर ग्येला म्हणून समजा." आणि माझा पाइप गुंडाळून त्या सरळ आपल्या घरी घेऊन गेल्या. आज पाचवा दिवस आहे. तीन वाजलेत. बादली आहे, नळ आहे, पाइप नसला म्हणून काय झालं? हात मोकळे राहिले तर उठेन, म्हणून पायरीवर बसून हे लिहितेय. तू मागतेयस ते ऐकू येतंय मला. पण आज दिलं तर हे मरेल आणि मग माझ्यापाशी तुझं काहीच उरणार नाही. म्हणून आज मी तुला जे कधीच कोणाला सांगितलं नाही ते सांगणार आहे, तेवढ्यात ऊन उतरेल.

तुझा शेवटचा दिवस. सकाळी डॉक्टर आले, तुला तपासलं आणि मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेले. माझ्याच वयाचे होते, भला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "आता पाण्याचं बंधन नको. मागतील तेवढं द्या त्यांना." मी मान हलवली. मला कळलं नाही असं नाही, आये. लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच मी आत येऊन कोणाला काही बोलले नाही. दुपारी तू मागितलंस. बाटली माझ्या हातात होती, काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, "डॉक्टर नाही म्हणालेत." तू परत मागितलंस. मी परत तेच म्हटलं. मोजून द्यायचं म्हणजे उद्याचंही मोजायचं आहे, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. एकदा मागशील तेवढं दिलं की तू जाणार हे मी कबूल केलं असं झालं असतं. मला ते करायचं नव्हतं. हट्ट म्हण, भीती म्हण. धपाटा घालायला तुझ्या हातात जोर नव्हता.

पाच वाजता तू गेलीस. वहिनीने पेल्यात तुळशीचं पान टाकलं आणि सगळ्यांनी तुझ्या तोंडात एकेक चमचा पाणी घातलं. माझा चमचा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून मानेवर आला. मी तो पदराने पुसला.

आणि जायच्या आधी तू शेवटचं जे बोललीस ते डॉक्टरांना. ते तिथे नव्हते, पण तू दाराकडे बघून, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणालीस, "मेल्या डाक्टरा, तू मरशील तवा तुजे तोंडान पानी घालाला कोन नसंल." दादा दारातच उभा होता, त्याने ऐकलं. अजूनही तो लग्नाकार्यात कोणी विषय काढला की सांगतो, त्या डॉक्टरने माझ्या आईला मरताना पाणी दिलं नाही. मी शेजारी बसून ऐकते आणि पानातला भात खात राहते. हे सगळं लिहून दादाच्या हातात द्यावं असं सकाळी मनात होतं. नाही देणार. माझी हिंमत नाही. पण त्या माणसाने तुझं काही वाईट केलं नव्हतं, आये, एवढं तुला माहीत असू दे. तो शाप तू मला दिलास.