छोटी फळी

प्रिय चिमणे,

काल फोनवर मी एकदम गप्प झाले म्हणून तू चिडलीस. बोलले असते तर रडू फुटलं असतं. म्हणून लिहिते.

तुझे बाबा पन्नाशी उलटल्यावर हा खेळ शिकायला लागले, ते तुला ठाऊक आहे. हातात फुगवलेला पंख, पायाखाली फळी आणि तिच्या तळाशी पाण्यात बुडालेलं पातं. वारा भरला की फळी पाण्यावर अलगद उचलली जायची आणि बाबा लहान मुलासारखे ओरडायचे. पण शिकाऊंची ती फळी दाराएवढी रुंद. तरुण पोरं छोट्या फळ्यांवर गिरक्या घेत जायची, तेव्हा बाबांना स्वतःच्या फळीची लाज वाटायची. मास्तर समजवायचे, "काका, दोन्ही बाजूंना न पडता वळता येऊ दे. वारा पडला तरी परत येता येऊ दे. मग बदला." बाबांना एकाच बाजूला वळता यायचं. तरी वाढदिवसाला स्वतःच छोटी फळी घेऊन आले, आणि आठवडाभर ती सोफ्याला टेकवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसले.

बाबा ती घेऊन समुद्रात गेले त्या दिवशी वादळ आलं, असं तुझ्या काकांनी तुला सांगितलं. वादळ नव्हतं गं. वारा पडला होता. वाऱ्याशिवाय छोटी फळी माणसाचं वजन पेलत नाही. तिच्यावर बसलं तरी छातीपर्यंत पाणी. मोठीवर पालथं पडून हातांनी पाणी मारत येता आलं असतं. ओहोटी त्यांना आत ओढत होती. त्यांनी हात हलवले तशी मी धावत मास्तरांना गाठलं. मास्तर बोट काढेपर्यंत बाबांनी घाबरून पायाला फळीशी बांधणारी दोरी सोडली आणि पोहत निघाले. माझ्या दिशेनं. पाणी फार गार होतं. बोटीला फळी सापडली, पंख सापडला.

आणि काल तू म्हणालीस, "आई, मीपण शिकतेय. मोठ्या फळीचा कंटाळा आलाय, बाबांची पाठव ना." शिकू नकोस असं मी म्हणणार नाही. पाण्यावर बाबा जेवढे खूश दिसायचे तेवढे घरात कधी दिसले नाहीत. पण दोन्ही बाजूंना वळायला शीक. शिकवणाऱ्याला किनाऱ्यावर उभं करून, वारा नसताना मोठ्या फळीवर पालथी पडून परत ये. पुन्हापुन्हा ये. मग तुझी तू नवी घे. बाबांची मागू नकोस. तुझा फोन ठेवला आणि करवतीनं मी तिचे दोन तुकडे केले. रागावशील. खुशाल रागाव. रागवायला तू असलीस म्हणजे झालं.

तू अबोला धरलास तरी तुझीच,
आई