डाव्या भुवईवरचा व्रण

न्यूरेम्बर्ग, १२ नोव्हेंबर १५६२

प्रिय कुनीगुंडताई,

सेबाल्टचा नमस्कार. इथे ठीक आहे. मार्टिनच्या सणाला यंदा हंस भाजला नाही, क्लाराला भूक नव्हती. ऑग्सबुर्गला थंडी पडली असेल, गुडघे सांभाळ.

कामाला उसंत नाही. ज्याला त्याला आपला चेहरा तांब्याच्या पत्र्यावर कोरून हवाय. पाद्री तो छापून गावोगावच्या मित्रांना वाटतात, व्यापारी सोयरिकीआधी धाडतात. परवा एक वकील म्हणाला, "सेबाल्ट, हनुवटी एकच दाखव हो!" मी म्हटलं, "मी चेहरे कोरतो साहेब, उपास नाही घडवत."

मध्ये आपल्या प्लोनीचाही चेहरा कोरला. शेजारचा व्होल्फ म्हणाला, "कारागिराच्या पोरीला चौकट नि खाली नाव? सरदाराची लेक लागून गेली की काय!" मी त्याला दार दाखवलं.

पण ताई, माझी चूक झाली. तुझ्याकडे झोक्यावरून पडली तेव्हाचा व्रण तिच्या डाव्या भुवईवर. कागदावर तो उजवीवर आला. पत्र्यावर उलटं कोरायचं तेव्हा छापताना सुलट येतं, हे शिकाऊ माणसालाही कळतं. नाव मी सवयीने उलटं कोरलं. चेहरा मात्र समोर दिसला तसाच कोरत गेलो.

समोर म्हणजे बसलेली नव्हती गं. निजवली होती. डोळे मी मनानेच उघडे कोरले.

साथीत गेली. तू तिला दोन वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळलीस, तुला आधी कळवायला हवं होतं. हात धजला नाही.

क्लाराने कागद पाहिला नि म्हणाली, "ही माझी लेक नाही." पत्र्यात व्रण जागच्या जागी आहे, म्हणून पत्राच उशाशी घेऊन निजते. दुसरा कोरतो म्हटलं, तर म्हणाली, "पुन्हा निजवणार तिला?"

मग मी एकच केलं. ताज्या, ओल्या छापावर कोरा कागद दाबला. असं केलं की चित्र पुन्हा फिरतं. फिकं उमटलंय, नाव उलटं आलंय, पण व्रण डावीकडे आहे. ते बघून क्लारा पहिल्यांदा रडली. म्हणाली, "हा कागद ताईंना धाडा. माझ्याजवळ पत्रा आहे."

तोच सोबत आहे. नाव वाचता येणार नाही. तुला त्याची गरजही नाही. ओळखलीस का, तेवढं लिही. क्लारा रोज विचारते.

तुझा धाकटा,
सेबाल्ट, प्लोनीचा बाप